इंदूरहून निघताना: पॉवर बँकेची तयारी

पॉवर बँकेची तपासणी निघण्याच्या तीन दिवस आधी करावी. आदल्या रात्री बिघाड कळला तर हाती काहीच उरत नाही. तीन दिवस असले की इंदुरातल्या जेल रोडच्या बाजारात जाऊन नवी आणता येते आणि ती घरी वापरूनही पाहता येते. कपाटातून काढली की लगेच चार्जिंगला लावू नका. ओट्यावर आडवी ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर बोट टेकवा. पूर्वी सपाट बसणारी पॉवर बँक आता डुगडुगत असेल तर तिचं पोट फुगलं आहे. खालची बाजू मुळातच गोलसर असेल तर कडेचा जोड पाहा. तिथे फट पडली असेल, किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत असेल, तरी अर्थ तोच. सेलच्या आत वायू साठला आहे. ती चार्ज करायची नाही, टाचणी टोचून हवा काढायची नाही आणि प्रवासात तर न्यायचीच नाही. सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कारण कचरा दाबताना सेल चिरडला की पेट घेतो आणि आजूबाजूच्या कागदाला आग लागते. आपल्याकडे कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. गाडीवरच्या माणसाला "यात बॅटरी आहे" असं सांगून हातात द्या.

पोट ठीक असेल तर पहिल्या दिवशी ती पूर्ण चार्ज करा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर फोन चार्ज करून बघा. हल्लीच्या बहुतेक फोनांत ५००० एमएएचच्या आसपासची बॅटरी असते. १०००० एमएएचची चांगली पॉवर बँक असा फोन १० टक्क्यांवरून पूर्ण भरते आणि पुन्हा रिकामा झाला की निम्म्यावर नेते. पहिल्याच फेरीत फोन ७० टक्क्यांवर अडकला तर सेल थकले आहेत. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामे झाल्यावर ते असे उतरू लागतात.

इथे बरेच जण विचारतात की १०००० मध्ये ५००० दोनदा का बसत नाही. दोष पॉवर बँकेचा नसतो. डबीवरचा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेल ३.७ व्होल्टचा असतो. १०००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-तास, ही आत साठलेली एकूण वीज. फोनला मात्र ५ किंवा ९ व्होल्टने वीज द्यावी लागते. व्होल्टेज चढवताना काही वीज उष्णता होऊन जाते, काही केबलमध्ये जाते, काही फोनमध्ये पुन्हा उतरवताना जाते. शेवटी फोनच्या बॅटरीत २८ ते ३० वॅट-तास पोचतात, आणि ५००० एमएएचच्या फोनला भरायला सुमारे १९ लागतात. म्हणून दीड वेळा. २०००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-तासांची, तिच्यावर तीन फोन भरतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी" लिहिलेली असते. ती ५ व्होल्टच्या हिशेबाने मोजलेली असते, म्हणून १०००० च्या पॉवर बँकेवर ६००० एमएएचच्या आसपास दिसते. विश्वास ठेवायचा तो या आकड्यावर.

आता घरातल्या माणसांचा हिशेब. चौघे जण अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला किंवा रात्रभराच्या गाडीने पुण्याला निघाले आहेत, फोन घरूनच पूर्ण भरून घेतले आहेत, आणि वाटेत प्रत्येकाला निम्मं चार्जिंग लागेल असं धरलं, तर ३८ वॅट-तास हवेत. एक २०००० ची पॉवर बँक पुरून उरते. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर विसंबू नका. इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं, आणि पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. रात्रभर लावून ठेवलेले फोन आणि लॅपटॉप तापून आग लागू नये हे त्यामागचं कारण. पहाटे उतरल्यावर टॅक्सी बोलवायला फोन लागतो, आणि नेमक्या त्या आधीच्या सहा तासांत तो भरता येत नाही.

नवी घ्यायची वेळ आली तर दुकानात तीन गोष्टी पाहा. पहिली, भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह, त्यावर "आयएस"ने सुरू होणारा मानक क्रमांक आणि "आर"ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक दुकानात उभ्या उभ्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेही तिथे दिसतं. दुसरी, वजन. १०००० ची पॉवर बँक साधारण १८० ते २३० ग्रॅम भरते, २०००० ची ३५० ते ४५०. लिथियमच्या सेलला वजन असतंच, ते लपवता येत नाही. हातात हलकीफुलकी वाटणारी, वर २०००० छापलेली पॉवर बँक कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आत दोनच सेल असू शकतात, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारं संरक्षण सर्किटही गाळलेलं असू शकतं.

तिसरी गोष्ट वॅटची, म्हणजे चार्जिंगच्या वेगाची, आणि फसगत इथेच जास्त होते. जलद चार्जिंगसाठी पॉवर बँक आणि फोन यांची भाषा एक लागते. पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, ही बहुतेकांना समजणारी भाषा आहे, आयफोन, पिक्सेल आणि सॅमसंग तिच्यावर चांगले चालतात. सॅमसंगला पूर्ण २५ वॅट हवे असतील तर पीडीबरोबर पीपीएसही (पीडीचाच व्होल्टेज बारकाईने जुळवणारा प्रकार) लिहिलेलं असावं. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांच्या ६५ किंवा ८० वॅटच्या पद्धती त्यांच्या स्वतःच्या आहेत. साध्या पॉवर बँकेवर हे फोन बऱ्याचदा १० ते १८ वॅटनेच चार्ज होतात. फोन बिघडलेला नसतो, दोघांना मधली भाषा सापडलेली नसते. अशा फोनसाठी महागडी ६५ वॅटची पॉवर बँक घेण्यात अर्थ नाही, २२.५ वॅटची पुरते. पाठीला चुंबकाने चिकटणारी बिनतारी पॉवर बँक सोयीची आहे, पण तिच्यात वीज आणखी वाया जाते आणि फोन तापतो. ती शहरातल्या शहरात ठीक, लांबच्या गाडीला तारेचीच न्यावी.

तारा दोन घ्या. एक वीतभर लांबीची, पॉवर बँक आणि फोन एकत्र खिशात ठेवायला, आणि एक मीटरभर, वरच्या बर्थवर झोपणाऱ्यासाठी. फार बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग रेंगाळतं. टाइप-सी ते टाइप-सी तार असेल तरच बहुतेक फोनांवर पीडी मिळते. जुन्या चौकोनी तोंडाच्या तारेवर ती मिळत नाही. तार खोचल्यावर सैल हलत असेल तर फोनच्या तोंडात खिशातली कापसाची धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढावी, धातूची सुई घालू नये.

आदल्या दिवशी दुपारीच पॉवर बँक चार्जिंगला लावा. जुन्या ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरवर २०००० ची पॉवर बँक भरायला नऊ-दहा तास लागतात, १८ वॅटच्या पीडी चार्जरवर पाच-सहा. शेवटचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो. सेल भरत आले की प्रवाह मुद्दाम कमी केला जातो, म्हणून. फरशीवर ठेवून चार्ज करा, गादीवर किंवा उशीखाली नको, तिथे उष्णता बाहेर पडत नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीला आधी विचारावं लागतं, त्याहून मोठी नेता येत नाही. २०००० ची ७४ वॅट-तासांत बसते, ३०००० ची १११ वर जाते. आकडा पुसट झालेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडू शकते, कारण तपासणाऱ्याला क्षमता वाचता आली पाहिजे. विमानात ती वापरू नका आणि डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवू नका. बंद कप्प्यात धूर उशिरा दिसतो. समोरच्या सीटखाली किंवा जवळ असली की तापली तर लगेच हाताला कळतं. सुट्ट्या किल्ल्या आणि नाणी तिच्या कप्प्यात नकोत.

मे महिन्यात उज्जैन किंवा ओंकारेश्वरला गाडीने जाऊन दर्शनाच्या रांगेत लागायचं असेल तर पॉवर बँक डॅशबोर्डवर सोडू नका. बाहेर ४२ अंश असताना बंद काचेआड तापमान ६० च्या वर जातं, आणि लिथियमचा सेल ४५ च्या वर चार्ज करू नये. सोबत न्या, किंवा सीटखाली सावलीत, कापडी पिशवीत ठेवा. कानातले इअरबड चार्ज होत नाहीत, दिवा दोन मिनिटांत विझतो, ही तक्रारही वाटेत येते. त्यांना इतका कमी प्रवाह लागतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की मंद प्रवाहाची सोय सुरू होते. हे घरीच करून पाहावं.

परत आल्यावर पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवून देऊ नका. दोन दिवे लागतील इतकी भरा, गॅसच्या शेगडीपासून लांब, थंड कपाटात ठेवा, आणि मागे कागदी टेप लावून त्यावर तारीख लिहा. तीन महिन्यांनी ती तारीख दिसली की पुन्हा निम्म्यापर्यंत भरायची.