इंदुरात आडूची नवी जात तयार करताय? या चुका टाळा

चोइथराम मंडीतून आणलेल्या गोड आडूची (म्हणजे पीचची) कोय परसात पुरायची आणि त्यातून काहीतरी नवं निघेल म्हणून वाट पाहायची. इंदुरात आडूच्या नव्या जातीची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, आणि फसतेही इथेच. झाड वाढतं, पण फळ धरत नाही. पुढच्या सगळ्या चुका सुधारता येतात. आई-बाप चुकले तर मात्र पाच वर्षं पाण्यात जातात, म्हणून आधी त्याबद्दल.

डोंगरातलं फळ पालक म्हणून घेणं

आडूला हिवाळ्यात झोप लागते आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय ती मोडत नाही. ही थंडी साधारण 7.2 अंशांखालच्या तासांत मोजतात. एल्बर्टासारख्या जुन्या डोंगरी जातीला असे सुमारे 800 तास लागतात. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 10 अंशांच्या आसपास असतं. लाट आली की पारा चार रात्री खाली उतरतो, पण दुपारी पुन्हा 25 च्या पुढे जातो. अशी उबदार दुपार रात्री जमलेली थंडी काही प्रमाणात पुसून टाकते.

थंडी कमी पडल्याची खूण ओळखायला शिका. फेब्रुवारी सरला तरी फांद्या उघड्या, शेंड्याला पानांचा एखादा झुपका, फुलं तुरळक आणि महिनाभर रेंगाळणारी. अशा वेळी लोक खत वाढवतात, पाणी वाढवतात. त्याने काहीही होत नाही.

‘मग डोंगरी जातीचा कमी थंडीच्या जातीशी संकर करू’ हा विचार सुचतो. पण थंडीची गरज एका जनुकावर ठरत नाही. संतती बहुधा दोन्ही पालकांच्या मधे पडते. 800 तासांची आई आणि 150 तासांचा बाप घेतला तर बहुतेक रोपं चारशे-पाचशेच्या घरात जातात, आणि मालव्यासाठी तेही फार झालं. फ्लोरिडा विद्यापीठाने 1950 च्या दशकापासून दक्षिण चीनकडचे कमी थंडीचे आडू आणि मोठ्या फळांच्या जाती यांच्यावर पिढ्यान् पिढ्या काम केलं, तेव्हा कुठे 1982 मध्ये फ्लोरिडा प्रिन्ससारखी सुमारे 150 तासांची जात आली. आपल्याकडे सहारनपूरला शरबती आणि फ्लोर्डासन यांच्या संकरातून सहारनपूर प्रभात निघाली. दोघंही पालक मैदानात चालणारे, हे लक्षात घ्या. तुम्हीही फ्लोरिडा प्रिन्स, शान-ए-पंजाब, प्रताप, अर्ली ग्रँड, शरबती यांतूनच जोडी निवडा. डोंगरी जातीचा मोह दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी राखून ठेवा.

दुसरी अट पावसाची. जूनच्या मध्यानंतर पिकणारं फळ इथे कुजतं, नाहीतर फळमाशीच्या तोंडी जातं. त्यामुळे लवकर पिकणं हा आपल्याकडे पहिला निकष हवा, चव त्यानंतर.

सगळ्यात लवकर पिकणाऱ्या झाडाला आई करणं

हे फार जणांना माहीत नसतं आणि त्याची किंमत मोठी असते. फळ लवकर पिकतं म्हणून आतलं बी लवकर तयार होतं असं नाही. फुलापासून साधारण 80 दिवसांच्या आत पिकणाऱ्या जातीत गर गोड होतो, पण कोयीतलं बी अर्धवट राहतं. सुकलं की चिपाडासारखं दिसतं. ते मातीत उगवत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत भ्रूण वाढवला तरच वाचतो.

घरच्या घरी यावर एकच उपाय आहे. उशिरा पिकणारी जात आई करा आणि लवकर पिकणाऱ्याचे पराग वापरा. लवकर पिकण्याचा गुण बापाकडूनही तितकाच येतो.

फूल उमलल्यावर पुंकेसर काढायला बसणं

आडूच्या बहुतेक जाती स्वतःच्याच परागांनी फळतात. फूल उघडेपर्यंत थांबलात तर काम आधीच झालेलं असतं, आणि तुम्ही मेहनतीने आईचीच संतती वाढवता. कळी फुगून गुलाबी दिसते, पण पाकळ्या मिटलेल्या असतात, ती वेळ. आडूचे पुंकेसर फुलाच्या वाटीच्या कडेला चिकटलेले असतात. ही वाटी नखाने किंवा चिमट्याने गोल कापून काढली की पाकळ्या आणि पुंकेसर एकदम निघतात. मधे फक्त स्त्रीकेसर उरतो. त्याला ओरखडा जाऊ देऊ नका. पाकळ्या गेल्या की मधमाश्या तिकडे फारशा फिरकत नाहीत, त्यामुळे पिशवी बांधलीच पाहिजे असं नाही.

पराग मात्र आदल्या दिवशी तयार हवेत. बापाच्या न उमललेल्या कळ्यांतले परागकोष कागदावर पसरून घरातल्या उबेत एक दिवस सुकवा. उन्हात नको. बाप आधी फुलत असेल तर पराग लहान बाटलीत सिलिका जेलबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर, आणि तारीख.

संकर खरा झाला की नाही हे पडताळायची एक सुंदर सोय आडूतच आहे. नेक्टरीन म्हणजे लव नसलेला आडू. त्याची गुळगुळीत साल अप्रभावी, लवदार साल प्रभावी. नेक्टरीन आई घेऊन शुद्ध लवदार बाप वापरला, तर पहिल्या पिढीतलं प्रत्येक खरं संकरित झाड लवदार फळ देईल. गुळगुळीत फळ आलं की समजायचं, ते आईचं स्वपरागण. पांढरा गर पिवळ्यावर प्रभावी असतो, तिथेही हीच युक्ती चालते.

कोय तशीच मातीत पुरणं

कडक कवच पाणी आत जाऊ देण्यात आडकाठी करतं आणि बियालाही थंडी लागते. कवच अडकित्त्याने किंवा पकडीत धरून अलगद फोडा, बी दुखावू नका. बी बुरशीनाशकात बुडवून ओल्या वाळूत मिसळा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 4 ते 5 अंशांवर दोन-तीन महिने ठेवा. महिन्यानंतर दर आठवड्याला उघडून पाहा. मेमध्ये काढलेलं बी लगेच थंडीत घातलं तर रोपं ऑगस्टच्या ओल्या, बुरशीच्या दिवसांत बाहेर येतात. जूनअखेर घाला, म्हणजे पाऊस ओसरताना ती हाती येतील.

रोप आलं, पण खुजं, पानं गुच्छात जमलेली? थंडी अपुरी पडली. ते रोप जातीचं वाईट आहे असं समजून उपटू नका. हिवाळा मिळाला की पुष्कळदा नीट वाढीला लागतं.

काळ्या मातीत सपाट लावणं

मालव्याची काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि गुदमरलेल्या आडूच्या मुळांत सायनाइड मोकळं होतं. झाड आठवड्याभरात माना टाकतं. उंच गादीवाफे करा. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून इथेच काम करून जी ‘इंदूर पद्धत’ जगाला दिली, त्या पद्धतीचं कंपोस्ट त्यात भरपूर घाला. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजा.

दहा-बारा रोपांत हिरा शोधणं, आणि पहिल्याच फळावर निकाल देणं

संकराच्या पहिल्या पिढीत अप्रभावी गुण दडलेले असतात. त्या झाडाचं स्वपरागण केलं की दुसऱ्या पिढीत एक अप्रभावी गुण चारातल्या एका रोपात दिसतो, दोन एकत्र हवे असतील तर सोळांत एका रोपात. असं निदान एक झाड मिळण्याची 95 टक्के खात्री हवी असेल तर 47 रोपं लागतात. जागा कमी असेल तर मागणी कमी करा, रोपं नव्हे.

पहिलं फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतं. विरळणी न करता आकार मोजू नका. वीतभर अंतरावर एक फळ ठेवल्याशिवाय कुठलंही झाड बारीकच फळं देतं. उबदार भागात आडूला टोक येतं आणि वाहतुकीत नेमकं तेच आधी दबतं, म्हणून गोल फळाला जास्त गुण द्या. फुलाची तारीख, पिकण्याची तारीख, वजन आणि गोडी निदान तीन हंगाम लिहा. एक थंड हिवाळा निकृष्ट झाडालाही चांगलं दाखवतो. मनात भरलेल्या झाडाचे डोळे (कलमासाठीच्या कळ्या) वेगळ्या खुंटावर भरून तपासा, कारण शेतकऱ्याच्या शेतात ते कलम म्हणूनच जाणार आहे. बियांपासून तीच जात पुन्हा मिळत नाही.

नोंदणीआधी कलमं विकणं

2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात झाडांच्या नव्या जातीला 18 वर्षांचं संरक्षण मिळतं. पण अर्जाच्या तारखेआधी एक वर्षाहून जास्त काळ तिची भारतात विक्री झालेली असेल तर ती नवीन मानली जात नाही. इंदूरजवळच्या राऊच्या एखाद्या नर्सरीने कलमं मागितली तर आधी अर्ज भरा, मग डोळकाड्या द्या.