दुसऱ्या विद्यापीठातलं पुस्तक आपल्या ग्रंथालयामार्फत कसं मागवावं

आंतरग्रंथालयीन देवघेवीत पुस्तक तुम्हाला दिलं जात नाही, तुमच्या ग्रंथालयाला दिलं जातं. मागणी ग्रंथालयाची, जबाबदारी ग्रंथालयाची, आणि परत करायला उशीर झाला तर पतही ग्रंथालयाचीच जाते. म्हणून दुसऱ्या विद्यापीठाला थेट ईमेल करून ‘हे पुस्तक पाठवा’ असं लिहू नका. त्याला उत्तर येत नाही.

अर्ज करण्याआधी आपला ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची सूची बघा, विभागांची छोटी ग्रंथालयंही धरून. पीएच.डी.चा प्रबंध हवा असेल तर आधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटून गेली असतील तर पुस्तक भारतात सहसा प्रताधिकारमुक्त असतं, त्यामुळे त्याचा स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर किंवा राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावर आहे का ते पाहा. यांतलं काहीच हाती लागलं नाही, तरच देवघेव विभागाकडे जा.

पुस्तक नेमकं कोणतं आणि ते कुठे आहे

बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘अर्जावर नाव लिहा, बाकीचं ग्रंथपाल बघतील’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. नाव, आवृत्ती, खंड आणि ते ज्या ग्रंथालयात आहे तिथला वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक), एवढं लिहिलेला अर्ज त्याच दिवशी पुढे जाऊ शकतो. नुसतं नाव लिहिलेला अर्ज पडून राहतो.

शोधायला दोन मोठ्या संयुक्त सूची आहेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या पुस्तकांची एकत्र यादी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची ‘इंडकॅट’ कोणालाही मोफत पाहता येते. ‘डेलनेट’ हे १९८८ साली दिल्लीत सुरू झालेलं ग्रंथालयांचं जाळं आहे. त्याचं सभासदत्व संस्थेला मिळतं, व्यक्तीला नाही. तुमचं ग्रंथालय सभासद आहे का, ते काउंटरवर विचारा. या सूचींतली नोंद म्हणजे पुस्तक कधीतरी दाखल झालं एवढाच पुरावा. ते आज जागेवर आहे का, हे त्या ग्रंथालयाच्या स्वतःच्या ओपॅकमध्ये तपासल्याशिवाय अर्ज भरू नका.

मराठी पुस्तक शोधताना खरी अडचण लिपीची असते. एकच शीर्षक एका ग्रंथालयात देवनागरीत असतं, दुसऱ्यात रोमनमध्ये मनाला येईल तसं लिहिलेलं असतं, आणि अमेरिकी ग्रंथालयांच्या नोंदींत ठरीव लिप्यंतर असतं. त्या ठरीव पद्धतीत ‘च’साठी फक्त ‘सी’ येतो आणि ‘छ’साठी ‘सी-एच’. शिवाय ‘इतिहास’सारख्या शब्दाच्या शेवटी एक जादा ‘ए’ लागतो. त्यामुळे वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीत ‘चरित्र’ शोधताना ‘सी-एच’ने सुरुवात केली की अर्धी पुस्तकं दिसतच नाहीत. दोन्ही रूपं टाकून पाहा.

देवनागरीतला शोधही वाटतो तितका सरळ नसतो. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘भाषेचें’ असे अनुस्वार असतात आणि सूचीकारानं ते बहुधा जसेच्या तसे उतरवलेले असतात. ‘वाङ्मय’ हा शब्द तर तीनचार तऱ्हांनी टंकलेला सापडतो. म्हणून पूर्ण शीर्षक टाकू नका. आडनाव आणि शीर्षकातला एखादाच बिनअनुस्वाराचा, बिनजोडाक्षराचा शब्द घ्या. कवी-लेखकांच्या बाबतीत टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही टाका. केशवसुतांची नोंद ‘दामले, कृष्णाजी केशव’ अशीही असू शकते.

आता साल. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘भाग दुसरा, आवृत्ती तिसरी, शके १८३२, किंमत १२ आणे’ असा मजकूर असतो. शकात ७८ मिळवले की १९१० येतं, पण ते डिसेंबरपर्यंतच. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवायचे, म्हणजे १९११. एकाच पुस्तकाची एका ठिकाणी १९१० आणि दुसरीकडे १९११ अशी नोंद दिसली तर त्या दोन आवृत्त्या आहेत असं समजू नका. उलट काही सूचींत शक तसाच इसवी सन म्हणून चढवलेला असतो, तेव्हा ‘१८३२’ दिसलं की प्रकाशक आणि छापखाना बघून खात्री करा.

खंडांचंही तसंच. ‘खंड १-३’ असं एकाच नोंदीत लिहिलेलं असलं तरी फळीवर पहिलाच खंड असू शकतो. प्रत्येक खंडाचा दाखलांक (ग्रंथालयात दाखल होताना प्रतीला मिळालेला क्रमांक) वेगळा असतो, तो दिसतो का ते बघा. संदर्भासाठी पृष्ठांक हवे असतील तर ‘फक्त हीच आवृत्ती’ असं अर्जावर ठळक लिहा, नाहीतर मिळेल ती पाठवली जाते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असेल तर तो सगळ्यात पक्का, पण १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तो नसतोच.

आधी गावातलं

पुण्यात असाल तर दिल्लीकडे वळण्याआधी डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट आणि भांडारकर संस्था बघा. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्या ग्रंथपालांकडून ओळखीचं पत्र घेऊन तिथे बसून वाचायची परवानगी मागा. टपालाची वाट बघण्यापेक्षा हे केव्हाही लवकर होतं. हस्तलिखितं, दुर्मिळ पुस्तकं, कोश आणि बांधीव नियतकालिकं सहसा बाहेर दिलीच जात नाहीत, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग आहे.

लेख हवा असेल तर

लेखाची छायाप्रत किंवा स्कॅन येतो. अर्जावर नियतकालिक, वर्ष, अंक, महिना, लेखक, शीर्षक आणि पहिलं-शेवटचं पृष्ठ लिहा. मराठी मासिकांवरचं ‘वर्ष ४०’ म्हणजे खंड, सन नव्हे, दोन्ही द्या. दिवाळी अंक बरेचदा जोडअंक असतो, त्याचे दोन्ही क्रमांक लिहा. संपूर्ण अंकाची प्रत मागू नका. संशोधनासाठी प्रत काढायची मुभा आहे, पण प्रताधिकार कायद्याच्या मर्यादेत, आणि आख्खा अंक मागितला की नकारच येतो.

अर्ज आणि खर्च

अर्जावर मार्गदर्शकाची सही घ्या. ‘कोणत्या तारखेनंतर उपयोग नाही’ तेही लिहा. जाण्यायेण्याचं टपाल कोण भरणार, हे आधी विचारून घ्या. काही ग्रंथालयं ते वाचकाकडून घेतात.

पुस्तक आल्यावर

मुदत देणारं ग्रंथालय ठरवतं, आणि पुस्तक त्या तारखेपर्यंत तिकडे पोचायचं असतं. परतीच्या टपालाचे दिवस वजा करूनच स्वतःची तारीख धरा. ‘फक्त ग्रंथालयात वाचण्यासाठी’ असा शेरा असेल तर घरी न्यायचा आग्रह धरू नका. मुदतवाढ हवी असेल तर तारीख उलटायच्या आठवडाभर आधी आपल्याच काउंटरवर सांगा, कारण विनंती पुन्हा ग्रंथालयाकडूनच जावी लागते. आत खोचलेली देवघेवीची चिठ्ठी काढू नका. पुस्तक कुठून आलं आणि कुठे परत जायचं, ते त्या चिठ्ठीवरच असतं. शिवण सुटलेलं पुस्तक यंत्रावर उपडं दाबून छायाप्रती काढू नका, हवी ती पानं वरून मोबाइलनं टिपा. परत करताना जमा झाल्याची नोंद आपल्यासमोर करून घ्या. पुस्तक टपालात गहाळ झालं तर भरपाई कोणाकडून घ्यायची, ते त्या नोंदीवरून ठरतं.