विंचवाचा मंत्र खोटा म्हणू नका

श्रीवर्धनकडच्या वाड्यांवर आशाताई म्हणून फिरते, त्यावरून सांगते. विंचू चावल्यावर कुणी भगताकडे निघालं, तर "मंत्रानं काय होतंय?" अशी सुरुवात करू नका. वाडीवरच्या एखाद्या तात्यांचा विंचू मंत्रानंच उतरलेला असतो, त्यांच्या डोळ्यांदेखत! त्यांना खोटं पाडलंत की पुढचं कानात शिरतच नाही.

त्यापेक्षा विचारा, "तात्या, तेव्हा नुसती कळ होती की घामही सुटलेला?" नुसती कळ बहुतेकदा आपसूक उतरते, श्रेय जातं भगताला. लाल विंचवाचं विष चढलं की दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. पोरांना तर फारच धोका. हा फरक तात्यांच्याच तोंडून येऊ द्या.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीनं असे रुग्ण वाचवले. ते संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, हे सांगून उपयोग शून्य. "महाडच्या डॉक्टरांनी" म्हणा, लगेच मान वर होते.

तरी अडलेच, तर भांडत बसू नका. भगतालाच रिक्षात घ्या. मंत्र दवाखान्याच्या वाटेवर म्हणता येतो.