वार पडायची वाट पाहू नका, चीक आधी पाजा

श्रावण लागला की म्हशी विऊ लागतात आणि दिवाळीपर्यंत दावणीला एकापाठोपाठ एक रेडकं येत राहतात. नेमका हाच काळ चिखलाचा, ओल्या गोठ्याचा आणि हगवणीचा. म्हणून या हंगामात दुसरं काही जमो न जमो, एक गोष्ट चुकवू नका: रेडकू जन्मल्यापासून दोन तासांच्या आत त्याच्या पोटात चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, गेला पाहिजे.

आपल्याकडे अजूनही 'वार पडल्याशिवाय धार काढायची नाही' असं म्हणतात. वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, पडायला कधी चार तास लागतात, कधी आठ, कधी रात्र उलटते. तोवर पिल्लू उपाशी आणि सगळ्यांचं लक्ष म्हशीकडे. खरं तर रेडकू आचळाला लागलं की पान्हा सुटतो, आणि पान्हा सोडवणारं तेच संप्रेरक गर्भाशय आकुंचित करतं. म्हणजे वार पडायला मदतच होते. वाट बघण्यात म्हशीचा काही फायदा नाही, रेडकाचं मात्र नुकसान होतं.

गाई-म्हशींच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं गर्भाच्या रक्तात उतरत नाहीत. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळपास नसतातच. ती मिळतात फक्त चिकातून, आणि आतड्याच्या भिंतीतून अख्खी रक्तात शिरतात ती फक्त पहिल्या दिवशी. पहिल्या चार-सहा तासांत हे दार सताड उघडं असतं, बारा तासांनी बरंच मिटतं आणि चोवीस तासांनी बंद होतं. नंतर बादलीभर चीक पाजला तरी रक्तात काही जात नाही.

एकाच गोठ्यातल्या, एकाच वळूच्या रेतमात्रेच्या दोन रेड्या मी टेपनं मोजल्या होत्या. दोघी तीन महिन्यांच्या, वैरण तीच, दूधही तेवढंच. एकीची लांबी 32 इंच आणि छातीचा घेर 36, दुसरीची 29 आणि 31. (घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो मिळतात.) म्हणजे एक 63 किलोची, दुसरी 42 ची. मालक म्हणाला, 'दुसरी मुळातच बारकी.' विचारत गेलो तेव्हा कळलं की ती रात्री जन्मली आणि वार सकाळी पडली. पुढे पंधरा दिवस हगवण, मग खोकला. एका गोठ्यावरून सिद्ध काही होत नाही, पण ही गोष्ट मी इतक्या गोठ्यांत ऐकली आहे की आता बारकं पिल्लू दिसलं की आधी त्याच्या पहिल्या रात्रीबद्दलच विचारतो.

अमेरिकेत नेब्रास्कामध्ये मांसासाठी पाळलेल्या जातींच्या वासरांचं रक्त जन्मानंतर चोवीस तासांनी तपासून ती पुढे कशी वाढतात ते पाहिलं गेलं. 1995 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात चिकाची प्रथिनं कमी उतरली ती जास्त आजारी पडली, जास्त मेली. आणि पहिल्या 28 दिवसांत आजारी पडलेली वासरं दूध तोडताना सुमारे 16 किलोनं मागे राहिली. तिथली जनावरं वेगळी, पण आतडं बंद होण्याचा नियम आपल्या गोठ्यातही तोच.

किती पाजायचं? शिफारस आहे वजनाच्या दहाव्या भागाची. 30 किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटर. निम्मा दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. पिल्लू उठत नसेल तर चीक काढून निपलच्या बाटलीनं पाजा. नळकांड्यानं घशात ओतू नका, फुफ्फुसात जातो. गॅसवर तापवू नका. तापवलेल्या चिकाचा खरवस होतो हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी जी प्रथिनं गोठतात, त्यांतलीच पिल्लाला हवी असतात. खरवस खायचाच असेल तर रेडकाचं पोट भरल्यावर उरलेल्याचा करा. रेडा झाला म्हणून त्याचा चीक विकू नका.

जास्तीचा चांगला चीक बाटलीत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. एखादी म्हैस आटली किंवा दगावली तर तोच कामाला येतो. वितळवायचा तो हात सोसेल एवढ्या कोमट पाण्यात.

सांगली-नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांकडे गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर असतोच. त्यावर चिकाचा थेंब टाका. 22 किंवा वर दाखवलं तर चीक चांगला. हा आकडा गाईसाठी ठरलेला आहे. म्हशीलाही मी अंदाजासाठी तोच धरतो. एक ते दोन दिवसांच्या वासराचं रक्त डॉक्टरांकडून काढून घ्या, गोठू द्या आणि वर सुटलेल्या पाण्याचा थेंब त्याच मीटरवर ठेवा. 8.4 च्या वर असेल तर चीक रक्तात पोचला. प्रयोगशाळेत एकूण प्रथिनं मोजली तर 100 मिलिलिटरमागे 5.2 ग्रॅमच्या खाली जायला नकोत. हगवणीनं पाणी कमी झालेल्या पिल्लात मात्र आकडा खोटा वाढलेला दिसतो.

दुकानात 'वाढीचं टॉनिक', 'लिव्हर टॉनिक' म्हणून बाटल्या पुढे केल्या जातात. रोड वासराला त्या पाजून पाजून शेतकरी दमतो. पहिल्या दिवशी रक्तात जे उतरलं नाही ते कुठल्याही बाटलीतून नंतर उतरत नाही. तो पैसा कोरड्या भुश्शावर आणि पेंडीवर घाला.

माझा एक ठोकताळा, पुस्तकातला नाही: जन्मल्यावर अर्ध्या तासानं बोट तोंडात घाला. तोंड गार लागलं आणि चोखायला जोर नसेल तर त्या पिल्लाची वाट बघू नका, कोरड्या पोत्यानं चोळून लगेच बाटली लावा.

बाकीची कामं:
- नाळ दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून निर्जंतुक ब्लेडनं कापणे. टिंचर आयोडीन, तीन दिवस
- पिल्लाखाली कोरडा पेंढा, रोज बदलणे
- 10 ते 15 दिवसांत जंतनाशक: पायपेरॅझिन, किलोला सुमारे 200 मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून
- दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (वासरांचा खुराक), स्वच्छ पाणी
- चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकूत लस, सहाव्यात घटसर्प
- 4 ते 8 महिन्यांच्या फक्त माद्यांना ब्रुसेलाची (सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाची) लस

आणि म्हैस विण्याच्या बेतात असेल तर निपलची बाटली आज संध्याकाळीच धुऊन गोठ्यात टांगून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर 1962 भिंतीवर खडूनं लिहा. बारा तास होऊनही वार पडली नाही तर तेव्हा फोन करा, पण चीक त्याआधीच पाजून झालेला हवा.