जुन्या मर्सिडीजची इन्फ्रारेड किल्ली: या चुका टाळा

किल्लीचं बटण दाबलं आणि दार उघडलं नाही, की आपल्याकडे पहिला हात जातो डोअर पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाला. क्लिपा तुटतात, पॅड कायमचं खडखडायला लागतं, आणि शेवटी दोष निघतो किल्लीत. पुण्यात १९९५ पासून टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात १२४ बॉडीची ई-क्लास जुळायला लागली, मग तिच्या पुढच्या पिढीची २१० आली. त्यामुळे या शहरात जुन्या मर्सिडीज अजून बऱ्यापैकी दिसतात, आणि त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही. माझ्या दुरुस्तीच्या बाकावर येणाऱ्या दर दुसऱ्या किल्लीला आधी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर लावलेला असतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. इन्फ्रारेड म्हणजे उजेड, फक्त डोळ्यांना न दिसणारा. किल्लीच्या टोकाला टीव्हीच्या रिमोटसारखा एक एलईडी असतो, दाराच्या हँडलमध्ये त्याचा रिसीव्हर. मध्ये हात आला, रिसीव्हरच्या काचेवर चिखल बसला, की संपलं. आजच्या रेडिओ किल्लीसारखं खिशातून किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दाबून चालत नाही. समोर उभं राहायचं, हँडलवर नेम धरायचा. भर दुपारी ऊन थेट हँडलवर पडत असेल तर तळहाताची सावली करून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि माझं गिऱ्हाईक जातं, ते वेगळं.

किल्ली उजेड टाकते का, हे मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसतं. बटण दाबलं की टोकाला जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा वापरा. आणि आधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर कॅमेरा तपासून घ्या, नाहीतर चांगल्या किल्लीला मेलेली ठरवाल.

आता सेल. "मल्टिमीटरवर तीन व्होल्ट दाखवतोय, सेल चांगलाय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरच देत नाही. नुसता सेल मोजला की म्हातारा सेलसुद्धा तीन दाखवतो. एलईडी पेटवायला क्षणभर दणकून करंट लागतो, तेव्हा तो बसतो. मी १०० ओहमचा रेझिस्टर सेलला दोन सेकंद लावून त्याच वेळी मोजतो. चांगला सेल थोडा खाली येऊन थांबतो, गेलेला कोसळतो. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०२५ चे दोन सेल असतात. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असली काटकसर नको. आणि कडेने धरा, बोटांचं तेल लागू देऊ नका.

सेल बदलल्यावर किल्ली गाडीला विसरते, तेव्हा लोक नवी किल्ली मागवायला निघतात. अहो, मॅन्युअल उघडा! रिसीव्हरसमोर बटण दोनदा दाबायचं आणि ३० सेकंदांच्या आत किल्ली इग्निशनमध्ये घालून दुसऱ्या खुणेपर्यंत फिरवायची. झालं. घाईवाले एकदाच दाबतात, किंवा फोन घेतात आणि मिनिटभराने किल्ली घालतात, मग म्हणतात "तुमची पद्धत चालत नाही."

मोबाईलच्या आयआर ब्लास्टरवर (फोनमधला रिमोटसारखा इन्फ्रारेड एलईडी) किल्लीची नक्कल करायच्या नादाला लागू नका. कोड दर वेळी बदलतो.

माझा सगळ्यात लाडका शत्रू म्हणजे स्प्रे. पावसाळ्यात २१० बॉडीची एक ई-क्लास टो होऊन आली, प्लास्टिकच्या नाकाची किल्लीवाली. किल्ली आत जाते, फिरत नाही. आधीच्या गॅरेजने इग्निशनचं युनिट गेलं म्हणून सांगितलेलं, आकडा ऐकून मालक काका गाडीच विकायच्या बेतात होते. या गाडीत किल्लीवर खाचा नसतात. ती इग्निशनशी इन्फ्रारेडनेच बोलते आणि त्यासाठी लागणारी वीज युनिटमधल्या कॉइलमधून घेते. म्हणजे किल्लीचे सेल मेले तरी गाडी सुरू होते. हे मला तोंडपाठ, तरी अर्धा दिवस मी गाडीची बॅटरी चार्ज करत बसलो, कारण व्होल्टेज कमी असलं तरी हे युनिट रुसतं. बॅटरी भरली, किल्ली ढिम्म.

मग खाचेजवळ नाक नेलं तर रॉकेलसारखा वास. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "घट्ट वाटत होती साहेब, म्हणून डब्ल्यूडी-४० मारला. दोनदा."

कुलूप म्हटलं की तेल, हा आपला बाणा. पण तिथे कुलूप नव्हतंच, उजेड जाण्याची बारीक खिडकी होती, आणि तेलावर वर्षांची धूळ चिकटून तिचा पडदा झालेला. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायला बसलो. पहिली काडी काळी, दुसरी काळी, चौथी तपकिरी. किल्लीचं नाकही पुसलं. वाळू दिलं. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा आतून बारीक टक्क आवाज आला आणि किल्ली फिरली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच इतके दिवस अडवून ठेवली होती. युनिट खरंच जातं, नाही असं नाही. पण काडी आधी.

दार फक्त एकाच बाजूचं उघडत असेल तर किल्लीला सोडा. या गाड्यांचं सेंट्रल लॉकिंग हवेवर चालतं. एकच पंप (१२४ मध्ये मागच्या सीटखाली, फोमच्या पेटीत) नळ्यांमधून हवा ओढतो नाहीतर ढकलतो, आणि दारातला रबरी पडदा कुलूप हलवतो. पंपाची घरघर दोन-तीन सेकंदांत थांबायला हवी. अर्धा मिनिट चालू राहिली तर कुठेतरी गळती आहे. मी एकेका दाराची नळी चिमट्याने दाबून बघतो. जी दाबल्यावर घरघर लवकर थांबते, तो गुन्हेगार. पेट्रोलच्या झाकणाची नळी सगळे विसरतात. आणि कृपा करून त्यावर बाजारातली मोटरवाली किट बसवू नका. अशी कापलेली वायरिंग जोडायला मी आता घेत नाही, सरळ नाही म्हणतो.

ड्रायव्हरच्या दाराला साधी किल्लीही लागते. ती महिन्यातून एकदा फिरवा. दहा वर्षं न फिरवलेलं ते कुलूप ऐन वेळी जाम निघतं. आणि हो, स्प्रे मारायचाच असेल, तर तिथे मारा.