पेडरनेल्स फॉल्सला तंबू ठोकायला जाताय? मग या चुका टाळा

टेक्सासमधल्या ऑस्टिनपासून पश्चिमेला तासाभरावर पेडरनेल्स फॉल्स स्टेट पार्क आहे, जॉन्सन सिटीच्या थोडं अलीकडे, पाच हजार एकरांच्या वर पसरलेलं. आमचा ग्रुप तिथे वर्षातून एकदा तरी जातोच आणि दर वेळी कोणीतरी नवीन जोडपं सोबत असतं, त्यामुळे त्याच त्याच चुका मी आता इतक्या वेळा बघितल्यात (आणि अर्ध्याअधिक स्वतः केल्यात) की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. नाव स्पॅनिश आहे, पेडरनाल म्हणजे गारगोटी, चकमकीचा दगड. आणि गंमत म्हणजे इथली जुनी मंडळी त्याला "पर्डनॅलिस" म्हणतात, म्हणजे तुम्ही स्पेलिंगप्रमाणे नीट उच्चार केलात की लगेच कळतं हे बाहेरून आलेत.

आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नदीत उतरणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून पहिली घेतली, बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

नदी फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूने येते, तिथून स्टोनवॉल, मग जॉन्सन सिटी आणि मग पार्क. आपण उन्हाळ्यात पीच घ्यायला जातो ना, तोच सगळा भाग. आता तिकडे दुपारी धो धो पाऊस पडला तर पार्कात तुमच्या डोक्यावर निळं आभाळ आणि गॉगल लावायची वेळ असते, आणि तरीही ते पाणी तुमच्याकडेच यायला निघालेलं असतं. हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या या टेकड्यांच्या भागात, खाली सगळा चुनखडीचा कातळ आणि वर बोटभर माती, त्यामुळे पाणी मुरत नाही, आपल्या सह्याद्रीतल्या कातळावरून जसं सरळ घसरत खाली येतं तसंच. त्यात मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा इथल्या टेकड्यांच्या कडेला येऊन वर चढते आणि एकाच जागी तासनतास ओतते. या पट्ट्याला "फ्लॅश फ्लड अॅली" (अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली) म्हणतात ते उगाच नाही.

४ जुलै २०२५ ची पहाट इथल्या कोणाच्याच डोक्यातून जाणार नाही. नदी वेगळी, ग्वाडालूपे, पण प्रदेश हाच. केर काउंटीत पाऊण तासात पाणी सुमारे २६ फूट वर आलं, म्हणजे दोन मजल्यांच्याही वर, आणि तेही लोक झोपेत असताना. त्या पुरांत हिल कंट्रीत मिळून १३० पेक्षा जास्त माणसं गेली. त्याआधी २०१५ च्या मे अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीच्या वीकेंडला विंबर्ली गावात ब्लँको नदीने असंच केलं होतं. भुशी डॅमचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत, "थोडंसंच तर पाणी आहे" म्हणत मधे उभी राहिलेली माणसं. इथे येऊन आपण वेगळं काही करत नाही, फक्त हातात भुट्ट्याऐवजी सोडा असतो.

मी स्वतः बघितलेलं सांगते. ऑक्टोबर होता, छान ऊन, पोहायच्या जागी आमची पोरं गुडघाभर पाण्यात दगड रचत बसली होती. पाणी इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. शेजारी एक म्हातारे टेक्सन आजोबा खुर्ची टाकून बसले होते, ते अचानक उठले, खुर्ची मिटली आणि आमच्याकडे बघून नुसतं बोटाने नदी दाखवली. आधी मला काहीच कळेना. मग दिसलं, पलीकडच्या कडेने चहात दूध पडल्यासारखा एक गढूळ पट्टा येत होता आणि त्यात काड्या, पानं, एक अख्खी फांदी. पाणी वाढलेलं अजिबात नव्हतं, फक्त रंग बदलला होता. पोरांना ओढत वर आणलं, टॉवेल, चपला, एक बादली सगळं तिथेच सोडून, आणि पायऱ्या चढून वर येऊन वळून बघितलं तर पोरांनी रचलेले दगड गायब. मधे किती वेळ गेला असेल? दहा-बारा मिनिटं, जास्त नाही.

तर हे लक्षात ठेवा: स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहत आला किंवा वरच्या बाजूने घरघर ऐकू आली की सामान गोळा करत बसायचं नाही, सरळ उंचावर जायचं. पार्कात पुराचा भोंगा आहे, तो वाजला की चर्चा बंद. पण भोंग्याची वाट बघू नका. निघायच्या आधी लोअर कोलोराडो रिव्हर ऑथॉरिटीच्या हायड्रोमेट या नद्यांची पातळी दाखवणाऱ्या वेबसाइटवर फ्रेडरिक्सबर्ग आणि जॉन्सन सिटीजवळची पाण्याची पातळी बघून घ्या, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. (हा कोलोराडो टेक्सासातलाच, ग्रँड कॅन्यनवाला नाही, आमच्याकडे यावरून एकदा पैज लागली होती.) फोनचे इमर्जन्सी अलर्ट "झोपमोड होते" म्हणून बंद करून ठेवलेले असतात ते चालू करा, आणि खाली दरीत रेंज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा वेदर रेडिओ असेल तर उत्तम. इथलं मुख्य कँपग्राउंड नदीपासून वर आहे हे बरं आहे, पण इतर पार्कांत नदीला अगदी लागून साइट मिळते आणि आपण खूश होतो की व्ह्यू मिळाला. ती बुक करायच्या आधी हवामान बघा.

परत येताना रस्त्यावर लो वॉटर क्रॉसिंग (ओढ्यातूनच जाणारा सखल रस्ता) लागलं आणि वरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका, एसयूव्ही आहे वगैरे काही चालत नाही. ६ इंच वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि २ फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पार्कातसुद्धा ट्रॅमल्स क्रॉसिंगला नदी ओलांडून पलीकडच्या ट्रेलवर जाता येतं. मस्त ट्रेल आहे, गर्दी नाही, पण जाताना जे पाणी घोट्याएवढं होतं ते येताना तेवढंच असेल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

धबधब्यात पोहायचं समजून येणं

नावात फॉल्स आहे म्हणून लोक स्विमसूट घालूनच व्ह्यूपॉइंटला पोहोचतात. फॉल्सच्या भागात पोहणं, पाण्यात उतरणं, ट्यूब घेऊन तरंगणं सगळंच मना आहे. आणि हा काही आपल्या ठोसेघरसारखा कड्यावरून कोसळणारा धबधबा पण नाही, तिरक्या पडलेल्या चुनखडीच्या लाद्यांवरून पायरी पायरीने उतरत जातो. दगडांवर बसायला, खाली कुंडात मासे बघायला भारी. पोहायची जागा वेगळी आहे, नदीच्या खालच्या अंगाला, आणि तिथे पार्किंगपासून खडबडीत वाट आणि बऱ्यापैकी उभ्या पायऱ्या आहेत. आजी-आजोबा इंडियातून आलेले असतील तर त्यांना फॉल्सच्या व्ह्यूपॉइंटला न्या, तो सोपा आहे. पायऱ्या उतरताना कोणाला काही वाटत नाही, चढताना कळतं, त्यात हातात कूलर असला तर विचारूच नका. लाइफगार्ड नसतो, लहान मुलांना लाइफ जॅकेट घाला, हवेच्या बाह्या नको.

"प्रिमिटिव्ह म्हणजे थोडं साधं असेल"

हे आमच्या एका मित्राचं ऐतिहासिक वाक्य. वीज-पाण्याच्या साइट संपल्या होत्या म्हणून त्याने प्रिमिटिव्ह साइट बुक केली आणि येताना आणलं काय, तर चाकाचा मोठा कूलर, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर), आणि बासमतीची पाच किलोची पिशवी. प्रिमिटिव्ह म्हणजे गाडी लांब पार्क करून २ मैल पाठीवर सामान घेऊन चालत जायचं, तिथे नळ नाही, वीज नाही, शेकोटी पण नाही. कूलरचं एक चाक पहिल्या पाव मैलातच दगडात अडकून निघालं. इन्स्टंट पॉट गाडीतच राहिला, आणि रात्री सगळ्यांनी ठेपले आणि लोणचं खाल्लं, जे खरं सांगायचं तर फार छान लागलं. पण पाणी कमी पडलं आणि सकाळी दोघांना परत गाडीपर्यंत जाऊन यावं लागलं.

बुकिंगचं म्हणाल तर कँपसाइट ५ महिने आधीपासून उघडतात आणि मार्च-एप्रिलचे ब्लूबॉनेटचे (इथली निळी रानफुलं) वीकेंड लगेच उडतात. नुसतं दिवसभरासाठी जायचं असलं तरी डे पास आधी काढा, तो ३० दिवस आधी मिळतो, "गेटवर बघू" म्हणून गेलात तर पार्क फुल म्हणून परत पाठवतात. एका साइटवर ८ माणसं, बस. आम्ही पहिल्या वर्षी चौदाजण एका साइटवर पोहोचलो होतो, "मुलं कुठे मोजतात" असं समजून. मोजतात. चेक-इन दुपारी २ नंतर, आणि बुकिंगचा मेल नीट वाचा, डाउनलोड करून ठेवा, कारण गेटवर उभं राहून मेल उघडायला गेलात की नेमकी रेंज नसते.

घरी एकदाही न उघडलेला तंबू

नवीन तंबू सेलमध्ये घेतला, बॉक्स तसाच डिकीत टाकला, संध्याकाळी साडेसातला पार्कात उघडला. मोबाईलच्या टॉर्चमध्ये नवरा-बायको एकमेकांशी अत्यंत सभ्य आवाजात बोलतायत, ज्यावरून कळतं की भांडण किती मोठं आहे. घरी बॅकयार्डात एकदा उभा करून बघा, नाहीतर अपार्टमेंटच्या लिव्हिंग रूममध्ये, पण बघा. सोबत आलेल्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या इथल्या जमिनीत जात नाहीत, खाली दगड लागतो आणि खुंटी वाकते. स्टीलच्या जाड खुंट्या आणि रबरी हातोडा वेगळा घ्या, आणि खुंटी जिथे जाणारच नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा. वरचं पावसाचं कव्हर "आज पाऊस नाही" म्हणून काढून ठेवू नका, दव एवढं पडतं की पहाटे उशा ओल्या असतात.

थंडीचं पण तसंच. टेक्सास म्हणजे गरम एवढंच डोक्यात असतं, पण नोव्हेंबरात दिवसा टीशर्टवर फिरलेली माणसं रात्री मोजे शोधत असतात. आणि थंडी वरून नाही, खालून लागते. हवेची गादी जमिनीसारखीच गार पडते, तिच्यावर आणि खाली काहीतरी घाला, जुनी रजई, फोमची योगा मॅट, काहीही.

खाणं तंबूत, बूट बाहेर

नेमकं उलटं पाहिजे. रॅकून हा प्राणी म्हणजे हात असलेलं मांजर समजा. आमचा चिवड्याचा क्लिपवाला डबा त्याने टेबलावर उघडला, फोडला नाही हं, क्लिपा उघडल्या, शेंगदाणे आणि काजू वेचून खाल्ले आणि पोहे तसेच ठेवले. खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत बंद. बूट मात्र आत घ्या, नाहीतर सकाळी झटकून घाला, कारण इकडे विंचू आहेत. फायर अँट्सचं वारूळ बघूनच चटई पसरा, त्या मुंग्या आधी शांतपणे गुडघ्यापर्यंत चढतात आणि मग एकदम चावतात. नदीकाठी तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्ही असतं, अंगाला लागलं की भयंकर खाज सुटते, त्याला हात लावू नका. रॅटलस्नेक दिसला तर तो आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो, फक्त त्याला वाट द्या, फोटोसाठी वाकू नका.

पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या

जून ते सप्टेंबर पारा ३८ अंशांवर जाणं काही नवीन नाही, आणि कातळ खालून पण भाजतो. माणशी तासाला अर्धा लिटर हिशोब ठेवा, वर मीठ-साखर-लिंबू किंवा इलेक्ट्रॉल. वुल्फ माउंटन ट्रेल करायचा असेल तर सकाळी सातला सुरू करा, नाश्ता करून अकराला निघालात तर सावली शोधत फिराल. कुत्रा असेल तर त्याचं पाणी वेगळं घ्या, आणि पट्टा ६ फुटांपेक्षा लांब चालत नाही.

शेकोटी, बिअर आणि अंताक्षरी

पार्कातली लाकडं गोळा करून जाळता येत नाहीत, विकत घ्या, तीही शक्यतो जवळपासच्या गावातून. बर्न बॅन (कोरड्या दिवसांतली आग पेटवायची बंदी) लागू असेल तर लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद, तेव्हा प्रोपेनची शेगडी जवळ असू द्या म्हणजे चहाचे वांधे होत नाहीत. टेक्सासच्या स्टेट पार्कात उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे, लाल कपात ओतून कोणाला फसवता येत नाही. आणि रात्री १० नंतर शांतता म्हणजे खरंच शांतता. आमची अंताक्षरी "म" वर अडकली होती तेव्हा रेंजर येऊन उभा राहिला, बिचारा खूप नम्रपणे बोलला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या साइटवाल्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. मग मैत्रिणीने त्यांना कांदेपोहे नेऊन दिले, ते मिटलं.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर अॅलर्जीची गोळी आठवणीने ठेवा, इथली ज्युनिपरची झाडं, ज्यांना सगळे सीडर म्हणतात, त्यांचे पराग तेव्हा उडतात आणि नाक-डोळ्यांची वाट लागते. आणि परतताना चेक-आउट १२ ला असतं म्हणून ओला तंबू तसाच कोंबून आणलात तर घरी पोहोचल्या पोहोचल्या बाल्कनीत पसरा. आम्ही आठवडाभर डिकीत विसरलो होतो, बुरशीचे काळे ठिपके अजून आहेत त्यावर.