चार चिंचोके आणि एक खडू: घरात खेळ परत कसा आणावा

गेल्या वर्षी मी एक वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. शुक्रवार, रात्री साडेआठ ते साडेनऊ, 'सगळ्यांनी मिळून खेळणे'. तीन रंगांच्या पेनांनी, चौकट आखून. पहिल्या शुक्रवारी मुलगा म्हणाला, "हा पण होमवर्कच का?" दुसऱ्या शुक्रवारी नवऱ्याला ऑफिसचा फोन आला. तिसऱ्या शुक्रवारी मलाच साडेआठला झोप आली. तो कागद अजून तिथेच आहे, त्याच्यावर लाईटबिल अडकवलंय.

खेळ घरात आला तो नंतर, फाल्गुनात. सासूबाई वर्षाची चिंच फोडत बसल्या होत्या. पेपरवर चिंचोक्यांचा ढीग. लेक म्हणाली, "आजी, हे फेकून देऊ?" आजी म्हणाल्या, "फेकतेस काय, थांब." त्यांनी एक चिंचोका उचलला, फरशीवर खसाखसा घासला आणि लेकीच्या मनगटाला लावला. ती अशी किंचाळली की मुलगा हेडफोन गळ्यात टाकून खोलीबाहेर आला. पुढची दहा मिनिटं तिघं एकमेकांना चटके देत घरभर पळत होती. म्हणजे दोघं पळत होती. आजी खुर्चीतूनच नेम धरत होत्या. त्या संध्याकाळी आम्ही चल्लस-आठ खेळलो, म्हणजे चिंचोके टाकून पटावर सोंगट्या फिरवायचा खेळ. कुणाकडे त्याला अष्टचंग म्हणतात, नियमही दर घरी थोडे बदलतात. तुमच्याकडे हा खेळ आणायचा असेल तर असा आणा.

आधी चिंचोके घासा

चार चिंचोके घ्या, शक्यतो सारख्या आकाराचे. खरबरीत फरशीवर किंवा गच्चीच्या कोब्यावर प्रत्येकाची एक बाजू पांढरी दिसेपर्यंत घासायची. दुसरी बाजू तपकिरीच ठेवायची. हे काम मुलांना द्या आणि घाई करू नका. चिंचोका तापतो, चटके दिले-घेतले जातात, त्यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास खेळातच धरा. शहरात चिंच चिंचोके काढलेलीच मिळते म्हणता? मग कवड्या घ्या, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

सोंगट्या विकत आणायच्या नाहीत. प्रत्येकानं आपल्या चार शोधायच्या. शर्टाची बटणं, बांगडीचे तुकडे, पेनाची टोपणं, काहीही. डाळ आणि शेंगदाणे मात्र नकोत, आमच्या नवऱ्यानं स्वतःची एक सोंगटी डाव चालू असताना खाल्ली आहे.

पट आखा

जमिनीवर खडूनं पाच बाय पाचचा चौकोन काढा. एकूण २५ घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली, आणि अगदी मधोमध एक फुली. झाला पट. जुन्या देवळांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले असे पट पाहिले असतील. पालखीची वाट बघत बसलेल्या माणसांना वेळ घालवायला यापेक्षा काय लागतं?

पुठ्ठ्यावर काढला तर चालेल का? चालेल, पण जमिनीवर काढाच. जमिनीवर बसलं की सगळे एका उंचीचे होतात. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, म्हणून आम्ही त्यांना पाट रचून देतो आणि त्यांच्या सोंगट्या लेक सरकवते. त्यामुळे लेक आजीची खेळी आधीच ओळखायला लागली आहे, ही आजीची मोठी तक्रार आहे.

नियम एकदाच सांगा, तेही खेळता खेळता

आपल्या पुढ्यातल्या बाजूची फुली ते आपलं घर. सोंगटी तिथून आपल्या उजव्या हाताकडे निघते, बाहेरच्या १६ घरांची फेरी करते, आपल्या घराच्या एक घर अलीकडून आत वळते, आतल्या ८ घरांतून उलट्या दिशेनं फिरते आणि मधल्या फुलीत पिकते, म्हणजे तिची फेरी पूर्ण होते. मोजलीत तर बरोबर २४ पावलं होतात.

चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे म्हणजे चार, चारही तपकिरी म्हणजे आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली गेली की दुसऱ्याची मेली, ती परत तिच्या घरी. फुलीवर कुणी कुणाला मारत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. या एका नियमामुळे खेळ गोड राहत नाही आणि म्हणूनच मजा येते. देव-देव करत कडेनं पुढे जाऊ म्हणणारा शेवटी बाहेरच्या बाहेर घिरट्या घालतो.

मुलगा आठवीत आहे. त्याला आतापर्यंत फक्त नशिबाचा खेळ वाटत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं वहीवर मांडून बघितलं: चार चिंचोके पडण्याच्या १६ तऱ्हा, त्यातल्या ६ मध्ये दोनचं दान, एक आणि तीन प्रत्येकी ४ मध्ये, चार आणि आठ मात्र एकेकातच. तेव्हापासून तो स्वतःची सोंगटी दुसऱ्याच्या दोन घरं पुढे ठेवत नाही. गंमत म्हणजे सासूबाई हे न मांडताच करत होत्या. "दुव्याच्या टप्प्यात बसू नये," एवढंच त्यांना माहीत.

मोठ्यांनी जिंकायला खेळायचं

इथेच सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण मुलांशी खेळतो तेव्हा बहुतेकदा खेळत नसतो. त्यांना खेळवत असतो. मुद्दाम हरतो, "अरे वा, छान" म्हणतो, मधेच "बघ, मोजायला शिकलास की नाही" असं सुचवतो, आणि एक डोळा घड्याळावर. मुलांना हे कळतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तर फारच लवकर कळतं. मी पहिल्या दिवशी लेकीची सोंगटी मारता येत असताना दुसरीच हलवली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, नीट खेळ ना." मग मी ती मारली. ती रडली. पाच मिनिटांनी तिनं माझी मारली आणि उठून नाचली. मला खरंच राग आला होता, हे मी इथे कबूल करते.

तर, मुद्दाम हरू नका. खेळातून काही शिकवू नका, शिकायचं ते शिकतात. फोटो काढू नका. फोटो काढणारा माणूस डावात नसतो, तो पाहुणा होतो. आणि हरलात तर मनापासून हळहळा. बाबा चार पडावेत म्हणून चिंचोक्यांवर फुंकर मारतात, हे मुलांना एकदा दिसू दे. घरात जी माणसं दिवसभर "आवर, जेव, अभ्यास कर" एवढंच बोलतात ती एका दानासाठी तोंड वेंगाडतात, यातच निम्मी मजा आहे.

एकोणनव्वद साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे, आणि भारतानं १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. मोठ्यांच्या खेळण्याबद्दल तसलं कलम कुठे दिसलं नाही. ते आपलं आपणच घरात लावून घ्यायचं.

वेळ काढू नका, कामाच्या कडेला चिकटवा

फ्रिजवरचा कागद का फसला, याचा मी बराच विचार केला. एक तास हा फार मोठा तुकडा असतो, आणि शुक्रवारपर्यंत हौस टिकत नाही. आता आमचा डाव भाताचा कुकर लावल्यावर सुरू होतो. चार शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत पाऊण तास मोकळा असतो, तो बहुधा मोबाईलमध्ये जायचा. प्रत्येकी चार सोंगट्यांचा डाव तेवढ्यात संपत नाही, म्हणून आम्ही दोनच घेतो. अर्धवट राहिला तर पट तसाच ठेवतो, उद्या तिथून पुढे.

रोज खेळ होतोच असं नाही. परीक्षेत झाला नाही, लग्नसराईत झाला नाही. न झाल्याचा हिशोब ठेवायचा नाही.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हे सांगायला नको. पण मुलांना सांगण्याआधी आपला ठेवा.

भांडण होणारच

सोंगटी घरावर होती की रेषेवर, चिंचोका कलंडलेला धरायचा की नाही, यावरून आमच्याकडे जेवण थंड झालं आहे. माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, चार किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर काढत नसत. सासूबाईंच्या गावी, कराडकडे, कशावरही काढत. यावर पहिल्या आठवड्यात सासू-सुनेचं जे झालं ते मुलांनी टाळ्या वाजवून बघितलं. शेवटी ठरलं, सम तारखेला कराड, विषम तारखेला रत्नागिरी. तुम्हीही डाव सुरू व्हायच्या आत ठरवून घ्या. आणि रडीचा डाव खेळणाऱ्याला उपदेश नको, फक्त पुढच्या वेळी चिंचोके आधी दुसऱ्याच्या हातात द्या.

आजी लबाडी करतात का? करतात. बोटाच्या टोकानं एक चिंचोका हळूच पालथा करतात. त्यांना पकडणं हा आमच्याकडे खेळातला खेळ आहे.

पट नको वाटला तर

कंटाळा आला की बदला. गाण्याच्या भेंड्यांना काहीच लागत नाही, गाडीत उत्तम. पत्त्यांत लहानांसाठी भिकार-सावकार, जरा मोठ्यांसाठी झब्बू किंवा बदाम सात. नवरात्रात कुणाकडे भोंडला असेल तर खिरापत ओळखायला मुलग्यांनाही न्या. 'गोड की तिखट' विचारत डब्याच्या झाकणाकडे बघणारे चेहरे पुरुषांचेही बघण्यासारखे असतात.

आणि एक, फरशी पुसायला मावशी येत असतील तर त्यांना पट आखल्याचं सांगून ठेवा. आमच्याकडे दोन डाव त्यांच्या फडक्याखाली गेले. आता त्या पट सोडून कडेनं पुसतात. परवा पुसता पुसता थांबल्या, नवऱ्याच्या बटणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही इथं ठेवली होय? दुवा पडला की गेली." आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या.